बाळाला अंगाशी बांधताना

“डॉक्टर, बाळाला असं पोटाशी बांधून घरातली कामं केली तर चालतील ना?” हा प्रश्न हल्ली लसीकरणाच्या दिवशी हमखास येतो. विचारणाऱ्या आईच्या मागे आजी उभ्या असतात आणि “नाही म्हणा” हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येतं. माझं उत्तर ठरलेलं आहे. खुशाल बांधा, पण पहिले चार महिने बाळाच्या हनुवटीवरून नजर हलू देऊ नका.

हनुवटीच का, ते सांगते. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानानं जड, मान कच्ची, श्वासनलिका बारीक आणि मऊ. कापड सैल पडून बाळ आत घसरलं, त्याचं मुटकुळं झालं, की हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. आपण अशा वेळी मान वर करून मोकळे होतो, तान्ह्याला ते जमत नाही. त्याला रडताही येत नाही, कारण रडायलाही हवा लागते. त्यामुळे आईला वाटतं, किती शांत झोपलंय! अमेरिकेतल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं मार्च २०१० मध्ये अशा झोळ्यांबद्दल इशारा दिला होता. आधीच्या वीस वर्षांतले १४ मृत्यू त्यांच्यापुढे होते आणि त्यातली १२ बाळं चार महिन्यांच्या आतली होती.

म्हणून बाळ उभंच बांधा, तोंड तुमच्या छातीकडे, गाल एका बाजूला वळवून. उंची इतकी हवी की जरा मान खाली घातली की त्याच्या टाळूची पापी घेता यावी. चेहरा कापडाच्या बाहेर राहिला पाहिजे. हनुवटीखाली तुमचं एक बोट, जमलं तर दोन, सहज गेली पाहिजेत. मग पाठीवर तळहात ठेवून बाळाला अलगद आपल्याकडे दाबा. ते आणखी आत सरकलं, तर कापड सैल आहे. सोडा आणि पुन्हा बांधा, कंटाळा करू नका. सुरुवातीला हे पलंगाशेजारी, कुणीतरी सोबत असताना करून बघा.

बाळ आडवं घेऊन पाजलंत, तर पिऊन झाल्यावर पुन्हा उभं करा. घरात साडीची झोळी टांगलेली असेल तर तिच्यातही पाठ वाकते आणि मान पुढे पडते, तेव्हा तिच्याही बाबतीत हीच काळजी घ्या. श्वासाला घुरघुर येत असेल, बाळ कण्हत असेल, नाकपुड्या फुलत असतील किंवा ओठ निळसर दिसले, तर त्याला लगेच बाहेर काढा आणि दवाखाना गाठा. अपुऱ्या दिवसांच्या किंवा अडीच किलोच्या आतल्या बाळाला बाजारातल्या कॅरियरमध्ये घालण्याआधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. अशा बाळांना छातीशी धरायची कांगारू पद्धत वेगळी आहे आणि ती रुग्णालयातल्या नर्सकडूनच शिकून घ्यायची असते.

आता आजींचे आक्षेप. पहिला, “पाय फेंगडे होतील.” होत नाहीत. बाळांचे पाय जन्मतःच थोडे बाकदार असतात आणि चालायला लागल्यावर हळूहळू सरळ होतात. खुब्याला धोका आहे तो उलट, पाय ओढून सरळ करून दुपट्यात करकचून गुंडाळण्यात. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास पाय असे बांधू नका म्हणून मोहीम निघाली आणि खुबा निखळण्याचं प्रमाण झपाट्यानं उतरलं. अंगाशी बांधलेल्या बाळाच्या मांड्या बेडकासारख्या फाकलेल्या, गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर आणि कापड एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पसरलेलं असावं. पाय खाली लोंबकळत ठेवणारं, जांघेत चिंचोळी पट्टी असलेलं कॅरियर कितीही महागाचं असो, मी घेणार नाही. मुलगी असेल, बाळ पायाळू असेल किंवा घरात कुणाला जन्मतः खुब्याचा त्रास असेल, तर सहाव्या आठवड्याच्या सुमारास खुब्याच्या सोनोग्राफीबद्दल विचारा. पायाळूवर वीज पडेल म्हणून घाबरण्यापेक्षा ते जास्त उपयोगाचं.

दुसरा आक्षेप, “हाताची सवय लागेल.” पहिल्या तीन-चार महिन्यांत लाडावण्याइतकी अक्कल बाळाला नसते. मॉन्ट्रियलमध्ये १९८६ साली झालेल्या एका अभ्यासात रोज जास्त वेळ उचलून घेतलेली बाळं सहा आठवड्यांच्या वयात ४३ टक्के कमी रडली. मात्र ज्या बाळांना आधीच पोटशुळासारखं तासन् तास रडणं सुरू झालं होतं, त्यांना पुढच्या अभ्यासात असा फायदा दिसला नाही. तेव्हा बांधूनही बाळ रडत असेल तर स्वतःला दोष देऊ नका.

झोपवायलाही याचा उपयोग होतो. जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये सुचवलेली रीत अशी: रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं न थांबता चाला, ते झोपलं की पाच-आठ मिनिटं बसून राहा आणि मगच खाली ठेवा. ठेवताना पाठीवर, सपाट गादीवर, उशी न देता. तुम्हीच सोफ्यावर पेंगायला लागलात, तर मात्र आधी बाळ सोडवा.

कापड सुतीच बरं. जुनी साडी चालते, पण उजेडात धरून बघा, झिरझिरीत झाली असेल तर नको. सिंथेटिक साडीची गाठ सुटते. उन्हाळ्यात तुमची ऊब आणि कापडाची ऊब दोन्ही बाळाला लागतात, म्हणून आत एकच पातळ झबलं पुरे. हातपाय गार लागले म्हणून स्वेटर चढवू नका, मानेच्या मागे हात लावा. तिथे घाम असेल तर बाळाला उकडतंय. सहा महिन्यांच्या आत पाणी नको, अंगावर जास्त वेळा पाजा.

बाळ बांधून भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला, दुकानात जा. गॅसपुढे उभ्या राहू नका. फोडणीचं तेल कुठे उडेल सांगता येत नाही आणि गरम चहाच्या कपाचंही तेच. वाकायचं झालं तर एक हात बाळावर ठेवून गुडघ्यांत वाका. स्कूटरवर तर बाळ झोळीत घेऊन मुळीच बसू नका. फेब्रुवारी २०२२ च्या केंद्रीय नियमानुसार चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांपासून हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरच्या आतला वेग बंधनकारक आहे. झोळी म्हणजे तो पट्टा नव्हे.

पाठीवर कधी बांधायचं, असंही विचारतात, बहुधा झाशीच्या राणीचा पुतळा डोळ्यांपुढे असतो. तो दामोदर तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होता! तुमच्या बाळानं मान पक्की धरली आणि ते आधारानं नीट बसू लागलं, म्हणजे साधारण सहा महिन्यांनंतर, पाठीवर घ्या.

सिझर झालं असेल तर गाठ किंवा पट्टा टाक्यांवर येऊ देऊ नका आणि पहिले सहा आठवडे थोडा थोडा वेळच बांधा. कंबर भरून येत असेल तर बहुतेक वेळा बाळ फार खाली बांधलेलं असतं, चार बोटं वर घ्या. तरी दुखलं तर बाबांच्या अंगाला बांधा. मापाचा प्रश्न साडीला नसतो आणि बाबांना गाठ मारायला शिकवायला एक रविवार पुरतो.