ऊर्जा ऑडिटर निवडताना: सही कोणाची चालते आणि आकडा कोणाचा पटतो?

नेपरव्हिलमध्ये राहून शिकागोतली इमारत सांभाळणारे आणि इथूनच इचलकरंजीच्या घरच्या कारखान्याचे कागद बघणारे, असे दोन्ही प्रकारचे वाचक आपल्याकडे आहेत. ऊर्जा ऑडिटर नेमण्याआधी दोघांनीही आधी हे तपासावे: कायदा आपल्याकडे नेमके काय मागतो आहे?

शिकागोच्या 2013च्या नियमानुसार 50,000 चौरस फूट आणि त्यापुढच्या इमारतींनी दरवर्षीचा ऊर्जावापर शहराला कळवायचा असतो. पहिल्या वर्षी आणि मग दर तिसऱ्या वर्षी ते आकडे परवानाधारक इंजिनिअर, आर्किटेक्ट किंवा शहराने मान्य केलेले प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावे लागतात. ही झाली पडताळणी, ऑडिट नव्हे. न्यू यॉर्कमध्ये मात्र 2009च्या कायद्याने मोठ्या इमारतींना दर दहा वर्षांनी खरेखुरे ऑडिट करावेच लागते. त्यामुळे शिकागोच्या इमारतीसाठी कोणी "सक्तीचे सविस्तर ऑडिट" म्हणून कोटेशन दिले, तर नियमातले कलम दाखवायला सांगा. (नेपरव्हिलच्या हद्दीतल्या इमारतीला शिकागोचा नियम लागूच नाही.)

भारतात गोष्ट वेगळी. 2001च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली मोठे ग्राहक अधिसूचित होतात. 2007च्या अधिसूचनेत कापड उद्योगासाठी ही मर्यादा वर्षाला 3,000 टन तेलतुल्य ऊर्जा होती. सगळी वीजच धरली तर हे साधारण साडेतीन कोटी युनिट होतात. अशा कारखान्याला दर तीन वर्षांनी ऑडिट करावे लागते, आणि ते ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने मान्यता दिलेल्या, म्हणजे अ‍ॅक्रेडिटेड, ऑडिटरकडूनच. ब्यूरोची परीक्षा पास झालेला "सर्टिफाइड" ऑडिटर वेगळा. त्याला अनुभव दाखवून ही दुसरी मान्यता मिळवावी लागते. व्हिजिटिंग कार्डावर दोन्ही शब्द सारखेच भारदस्त दिसतात, म्हणून ब्यूरोच्या यादीत नाव स्वतः शोधा.

इथपर्यंत सहीचे झाले. आकडा खरा आहे की नाही, हे सर्टिफिकेट सांगत नाही.

एक उदाहरण घ्या. पंख्याचा वेग 80 टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते: 0.8 × 0.8 × 0.8, म्हणजे जवळपास निम्मी. व्हीएफडी विकणारे हे गणित फार आवडीने सांगतात. आता हेच पंपाला लावू. समजा पंप एकूण 40 मीटर हेडवर टाकी भरतो. त्यातले 30 मीटर निव्वळ चढ आणि 10 मीटर पाइपातले घर्षण. प्रवाह 80 टक्के केला तर घर्षण 6.4 मीटरवर येते, पण चढ तेवढाच राहतो. पंपाची कार्यक्षमता तीच धरली तरी शक्ती सुमारे 27 टक्केच कमी होते. शिवाय टाकी भरायला सव्वापट वेळ लागतो. शेवटी वीज वाचते जेमतेम 9 टक्के! व्हीएफडीचे पैसे मात्र पूर्ण मोजावे लागतात.

म्हणून मुलाखतीत ऑडिटरला विचारा, "आमच्या पंपाचा चढ किती आणि घर्षण किती, हे तुम्ही कसे मोजणार?" चांगला ऑडिटर प्रेशर गेज, फ्लो मीटर, पॉवर अ‍ॅनालायझर यांची नावे घेईल आणि किती दिवस नोंदी घेणार ते सांगेल. मोटरच्या पाटीवरचे किलोवॅट गुणिले तास, असे उत्तर आले तर पुढचे नाव बघा.

इथल्या इमारतींसाठी आणखी एक प्रश्न: बचत झाली हे सिद्ध कसे करणार? आपल्याकडचा एखादा हिवाळा सौम्य गेला की गॅसचे बिल आपोआप उतरते. दिवसाचे सरासरी तापमान 65 अंश फॅरनहाइटच्या जितके खाली, तितके त्या दिवसाचे "डिग्री डे". 25 अंशांच्या दिवसाचे 40. बिलांची तुलना या हिशेबाने केली नाही, तर हवामानाचे श्रेय बॉयलरला जाते. निदान बारा महिन्यांची बिले न मागता बचतीचा आकडा सांगणाऱ्याला मी तरी काम देणार नाही.

आणि ऑडिट फुकट असेल तर ऑडिटरला पैसे कोण देते ते विचारून घ्या. उपकरणांच्या विक्रीवर कमिशन मिळत असेल, तर ते करारात लिहून मागा.