तेरणेची बाहुली

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. प्राचीन काळी यास ‘तगर’ म्हणत. येथील माल पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून थेट रोमन साम्राज्यापर्यंत जात असे. गावच्या वस्तुसंग्रहालयात त्या काळच्या मातीच्या बाहुल्या मांडलेल्या आहेत. संत गोरा कुंभारही याच गावचे. ज्या मातीने इतक्या बाहुल्या घडविल्या, त्या मातीतून वाहणाऱ्या नदीची कथा बाहुल्यांनीच सांगितली तर?

बाहुलीचा खेळ महाराष्ट्राला नवा नाही. जुन्या मराठीत कळसूत्री बाहुलीस ‘सायखडे’ म्हणत. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावच्या ठाकर मंडळींनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांस २०२१ साली ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. ते रामायणातील कथा दाखवितात. आपण पाण्याची कथा दाखवू.

साहित्य घरचेच पुरते. कागदाच्या लगद्याची डोकी, चिंध्यांचे अंगरखे आणि नदीसाठी आईचे जुने निळे लुगडे. मेजावर गोणपाट पसरले की झाला बालाघाटाचा डोंगर. मेघगर्जनेसाठी संबळ मिळाले तर उत्तमच. तुळजापूरच्या मुलखात त्याला तोटा नाही!

डोंगरमाथ्यावर पावसाचे दोन थेंब उतरतात. ते बहीणभाऊ आहेत.

“ताई, तू कोठे निघालीस?”

“मी तेरणेत उतरते. ती मला मांजरामावशीकडे नेईल आणि मावशी गोदावरीआजीकडे. तू रे?”

“मी या बाजूने घसरलो, म्हणून बोरीत. बोरी भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. पण वाटेत मला नळदुर्गच्या किल्ल्यात थांबावे लागेल. तेथे १६१३ साली दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत बोरीवर भक्कम बंधारा घातला आहे. त्याच्या पोटात महाल आहे. माथ्यावरून पाणी कोसळते, तरी आत बसलेला माणूस कोरडाच!”

“मग आपली भेट केव्हा?”

“बंगालच्या उपसागरात!”

एकाच डोंगराचे पाणी दोन महानद्यांना कसे वाटले जाते, हे नकाशावर शोधताना पुष्कळांची दमछाक होते. हे दोन थेंब ते क्षणात उलगडून दाखवितात.

दुसऱ्या प्रवेशात दोन मुले लुगडे हालवितात. नदी वाहू लागते. मग संबळ थांबते आणि लुगड्याची हळूहळू घडी होते. येथे सूत्रधाराने २०१६ चा उन्हाळा सांगावा. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. प्रेक्षकांतील वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवतील.

आता एक म्हातारी पुढे येते. ती गावची विहीर आहे.

“माझ्या पोटातले पाणी कोठून येते, ठाऊक आहे का रे? पावसाळ्यात नदीची वाळू पाणी धरून ठेवते आणि ते झिरपत माझ्याकडे येते. ती वाळू कोणी उपसून नेली?”

सभेत शांतता पसरते. हाच प्रश्न एखाद्या मुलाने चावडीवर विचारला असता, तर “लहान तोंडी मोठा घास” म्हणून त्याला गप्प बसविले असते. बाहुलीवर कोण रागावणार? वाळू नेणारा स्वतः समोर बसला असला, तरी त्यालाही हसावेच लागते. मात्र घरी जाताना तो प्रश्न त्याच्याबरोबर जातो. एवढ्यासाठीच म्हातारीने कोणाचे नाव घेऊ नये.

खेळ संपला तरी मंडळींना लगेच उठू देऊ नये. अंगणात रांगोळीने गावची नदी, ओढे व विहिरी रेखाव्यात आणि मूठभर खडे आजीआजोबांच्या हाती द्यावेत. पूर्वी झरा कोठे होता, पोहायचा डोह कोठे होता, तेथे त्यांनी एकेक खडा ठेवावा. कोणता ओढा कोठून वाहत होता, यावरून दोन आजोबांत वाद जुंपला, तर तो थांबवू नये. वही काढून त्याचे टिपण करावे आणि दुसऱ्या दिवशी दोघांनाही बरोबर घेऊन ती जागा पाहून यावी.