कानामागची गाठ आणि काळं मलम

सारंगखेड्याच्या यात्रेत, तापीकाठच्या घोडेबाजारात, एक कुमैत घोडी भाच्याच्या मनात भरली. चाल देखणी, भावही आवाक्यातला. फक्त डाव्या कानामागे सुपारीएवढी, केस झडलेली खरखरीत गाठ. "चामखीळ आहे, मलम लावलं की गळून पडते," व्यापारी म्हणाला. भाच्याने गाठ चाचपायला हात पुढे केला, तो सोबतच्या मामांनी वरच्यावर धरला. मामा निवृत्त पशुवैद्य.

"उगाच डिवचू नकोस. सार्कॉइड दिसतोय."

"म्हणजे कॅन्सर, मामा?"

"कातडीचा अर्बुद. घोडे, गाढवं, खेचरं यांच्यात जगभर सगळ्यात जास्त आढळणारा. फुप्फुसात, यकृतात पसरत नाही. पण जागच्या जागी खोल शिरतो आणि कापला तरी पुन्हा उगवतो. १९३६ साली दक्षिण आफ्रिकेत जॅक्सन यांनी त्याचं वर्णन केलं. पुढे कळलं की यामागे गुरांच्या चामखिळींचा विषाणू आहे, बोवाइन पॅपिलोमाचे १ आणि २ हे प्रकार मुख्यतः."

"गुरांचा विषाणू घोड्याला?"

"माशा वाहून नेतात असा दाट संशय आहे. म्हणून डोळ्याभोवती, कानाशी, जांघेत गाठी जास्त. जुन्या जखमेवरही येतात. वीटभट्टीवरच्या गाढवाची पाठ ओझ्याने सोलवटलेली असते. तिथे गाठ आली तर मालकाला वाटतं, जखमेवर मांस वाढलंय. गाढवासाठी डॉक्टर कोण बोलावतो?"

भाच्याने मोबाईल काढला. एका परदेशी वनस्पतीच्या मलमाची जाहिरात होती: आधी गाठ, मग काळीठिक्कर खपली, शेवटी गुळगुळीत कातडी. मामांनी चष्मा वर सरकवला.

"ही ब्लडरूट, उत्तर अमेरिकेच्या जंगलातली. मुळी मोडली की लाल रस येतो. तिथले मूळ रहिवासी ती वापरत. जेसी फेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १८५०च्या दशकात ती लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात माणसांच्या कर्करोगावर लावली. पण सोबत झिंक क्लोराइड होतं. आजच्या बहुतेक काळ्या मलमांतही ते असतं, आणि खरं जाळायचं काम मुख्यतः तेच करतं. वनस्पतीचं नाव डबीवर मोठं असतं, एवढंच."

"जाळलं तरी गाठ जातेच ना?"

"वरची जाते. पण मलमाला गाठ आणि निरोगी कातडी यांतला फरक कळत नाही. पापणीजवळ लावलं तर डोळ्यावर बेततं. आणि खाली थोडा भाग जिवंत राहिला, तर तो आधीपेक्षा जोमाने फोफावतो. फ्रेडरिक मोह्स या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९३०च्या दशकात असाच लेप वापरला, पण ऊतक घट्ट करण्यापुरता. मग तो थर कापून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा आणि कडेला रोग उरलाय का ते बघायचा. जाहिरातीतल्या डबीसोबत सूक्ष्मदर्शक येत नाही!"

"पण फोटोंतले घोडे बरे झालेत की."

"काही खरंच होतात. लहान, उथळ गाठ पुरती जळाली तर निघते. पण काही गाठी आपोआपही जातात. स्वित्झर्लंडमध्ये फ्रांश-मोंतान्य जातीच्या तरुण घोड्यांकडे काही वर्षांनी पुन्हा पाहिलं, तर जवळजवळ निम्म्यांच्या गाठी नाहीशा झालेल्या. त्या काळात जे लावलं असतं, त्याला श्रेय मिळालं असतं."

"घरचं काही? कडुनिंबाचं तेल?"

"माशा बसू नयेत म्हणून लाव. गाठ त्याने जाईल ही आशा नको. पिवळ्या धोतऱ्याचा चीक मात्र लांब ठेव. ब्लडरूटमधलं सँग्विनारिन त्या झाडातही आहे. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि ६०हून अधिक माणसं दगावली."

मग करायचं काय? मामांचं उत्तर लांबलचक नव्हतं. गाठ लहान आणि सुटी असेल तर पुरती काढणं, लेझर किंवा गोठवणं, नाहीतर इंजेक्शनची औषधं. जागा आणि प्रकार पाहून ठरवायचं. पहिलाच उपचार नीट व्हायला हवा, कारण अर्धवट प्रयत्नानंतर यश कमी होत जातं. लिव्हरपूल विद्यापीठात डेरेक नॉटनबेल्ट यांनी बनवलेलं सार्कॉइडचं मलमसुद्धा घोडेमालकाच्या हाती देत नाहीत, पशुवैद्य स्वतः लावतो. घोडी घ्यायचीच तर गाठीच्या उपचाराचा खर्च भावातून वजा करायचा, हेही मामांनी सांगून टाकलं.

घरच्या घोड्याला, गाढवाला अशी गाठ दिसली तर ती खरवडू नका, दोरा बांधू नका. शेजारी रुपयाचं नाणं धरून दर महिन्याला फोटो काढा, म्हणजे वाढ कळते, आणि पशुवैद्याला दाखवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल-फ्री क्रमांक १९६२ आहे.