रुग्ण उठून का जातो? ऑस्ट्रेलियातील मूळनिवासींच्या रुग्णसेवेचा एक धडा

निवासी डॉक्टर असतानाची गोष्ट. सकाळच्या फेरीत एखादी खाट रिकामी दिसली की आम्ही केसपेपरवर 'ॲब्स्काँडेड' असा एकच शब्द लिहून पुढच्या खाटेकडे वळत असू. अशा खाटांवरचे बरेच रुग्ण झाबुआ, अलीराजपूर, बडवानी या भागांतून इंदूरला आलेले भिल्ल, भिलाला कुटुंबांतले असत. त्या शब्दात दोष रुग्णाचा ठरे आणि आपण मोकळे होत असू. तो का गेला, हे लिहिण्यासाठी त्या कागदावर जागाच नव्हती.

हाच प्रश्न गेली काही दशके ऑस्ट्रेलियातील रुग्णालयांपुढे उभा आहे. तेथील आरोग्यव्यवस्था संपन्न आहे आणि सार्वजनिक रुग्णालयांतील उपचार विनामूल्य आहेत. तरीही तेथील ॲबोरिजिनल व टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरील मूळनिवासी रुग्ण उपचार अर्धवट सोडून जाण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक आहे. या अनुभवातून आपणांस काय शिकता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आकडे आणि त्यामागचा इतिहास

२०२१ च्या अंदाजानुसार मूळनिवासींची संख्या सुमारे ९ लाख ८४ हजार, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या लोकसंख्येच्या ३.८ टक्के आहे. २०२०-२०२२ या काळात त्यांचे सरासरी आयुर्मान पुरुषांत ७१.९ व स्त्रियांत ७५.६ वर्षे होते. इतर ऑस्ट्रेलियन नागरिकांच्या तुलनेत ते अनुक्रमे ८.८ व ८.१ वर्षांनी कमी आहे. मधुमेह, मूत्रपिंडविकार आणि हृदयविकार ही त्याची प्रमुख कारणे. श्रीमंत देशांतून जवळजवळ नाहीसा झालेला संधिवातजन्य हृदयरोगही तेथील दुर्गम वस्त्यांत आजही आढळतो. दर चार आठवड्यांनी द्यावयाचे बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन आपल्याला सुपरिचित आहे. तेथील अडचणही आपल्यासारखीच आहे. औषध उपलब्ध असते, पण रुग्ण पुन्हा येत नाही.

तो का येत नाही, याचे एक उत्तर इतिहासात सापडते. विसाव्या शतकात कित्येक दशके शासकीय धोरणानुसार मूळनिवासी मुले आईवडिलांपासून हिरावून घेतली गेली. काही तर रुग्णालयातूनच नेण्यात आली. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने हे सारे उजेडात आणले आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत क्षमायाचना केली. ज्या आजीने रुग्णालयात मूल गमावले, तिची नात त्या इमारतीत निर्धास्तपणे कशी शिरेल?

शिवाय अविश्वास केवळ भूतकाळातील नाही. २०१६ मध्ये न्यू साउथ वेल्समधील एका लहान गावात एक गर्भवती मूळनिवासी तरुणी वेदनांनी त्रस्त होऊन रात्री रुग्णालयात आली. पॅरासिटामॉलच्या दोन गोळ्या देऊन तिला घरी पाठविण्यात आले. त्यानंतर एक दिवसही उलटण्यापूर्वी जंतुसंसर्गाने तिचा मृत्यू झाला. तत्पूर्वीच्या महिन्यांतही ती अनेकदा रुग्णालयात आली होती. २०१९ मध्ये मृत्युचौकशी अधिकाऱ्यांनी नकळत घडणाऱ्या पूर्वग्रहाकडे लक्ष वेधले. येथे रुग्ण उठून गेली नव्हती. तिला परत पाठविले गेले होते.

मान डोलावली, म्हणजे समजले काय?

२००२ मध्ये ॲलन कॅस व सहकाऱ्यांनी डार्विन येथील डायलिसिस घेणाऱ्या योल्ङू रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्ण व कर्मचारी यांच्यातील संभाषणांचे चित्रीकरण करून दोन्ही पक्षांना नंतर स्वतंत्रपणे विचारले गेले. महत्त्वाच्या मुद्द्यांवर दोघांचे आकलन क्वचितच जुळत होते. त्याहून गंभीर बाब म्हणजे, आपला संवाद फसला आहे हे पुष्कळदा कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. समोरच्याचा मान राखण्यासाठी किंवा प्रश्नांचा भडिमार थांबावा म्हणून रुग्ण 'हो' म्हणतो आणि आपण त्या 'हो'ला संमती मानतो.

पुढे रॉयल डार्विन हॉस्पिटलमध्ये मूळनिवासी भाषांच्या दुभाष्यांचा समन्वय पाहणारी व्यक्ती नेमण्यात आली. काही दुभाषे डॉक्टरांच्या फेरीत सहभागी होऊ लागले. परिणामी दुभाष्यांचा वापर वाढला आणि उपचार सोडून जाणारे रुग्ण कमी झाले. नवे यंत्र वा नवे औषध यांविना घडलेला हा बदल आहे.

उपचार माणसांजवळ नेणे

ॲलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेस सुमारे ५०० किलोमीटरवर किंटोर ही वाळवंटातील वस्ती आहे. तेथील वृद्धांना डायलिसिससाठी कायमचे ॲलिस स्प्रिंग्जला येऊन राहावे लागे. आपली भूमी, नातवंडे आणि विधी यांपासून तुटलेली ही माणसे डायलिसिस चुकवीत आणि घरी परतत. शेवटी समाजानेच मार्ग काढला. २००० मध्ये तेथील चित्रकारांनी काढलेल्या चित्रांचा सिडनीत लिलाव होऊन दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली आणि २००४ मध्ये किंटोरलाच डायलिसिस सुरू झाले. 'पर्पल हाउस' या नावाने ओळखली जाणारी ही संस्था आज अनेक दुर्गम वस्त्यांत सेवा देते. २०१८ पासून अशा सेवेस शासकीय आरोग्यविम्यातून निधी मिळू लागला.

ब्रिस्बेनमध्ये २०१३ पासून चाललेला प्रसूतिसेवेचा प्रयोगही असाच बोलका आहे. मूळनिवासी आरोग्यसंस्था आणि शहरातील प्रसूतिरुग्णालय यांनी मिळून प्रत्येक गर्भवतीस एकच ओळखीची सुईण, सोबतीला स्वसमाजातील साहाय्यिका आणि वस्तीजवळचे केंद्र दिले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या स्त्रियांमध्ये मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता सुमारे ३८ टक्क्यांनी कमी आढळली.

या दोन्ही उदाहरणांत सेवेची सूत्रे समाजाकडे आहेत, ही गोष्ट महत्त्वाची. १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात मूळनिवासींनी स्वतः चालविलेला पहिला दवाखाना उघडला, तेव्हापासूनची ही परंपरा आहे.

सेवा सुरक्षित आहे, हे कोणी ठरवायचे?

न्यूझीलंडमधील माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी 'सांस्कृतिक सुरक्षितता' ही संकल्पना मांडली. तिचे सार असे की, सेवा सुरक्षित होती की नाही, हे सेवा घेणारा ठरवितो, देणारा नव्हे. परक्या समाजाच्या चालीरीती पाठ करणे एवढाच याचा अर्थ नाही. स्वतःचे पूर्वग्रह आणि स्वतःच्या हातातील सत्ता तपासणे हे पहिले काम. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने वैद्यक व्यावसायिकांच्या नोंदणीविषयक कायद्यात ही संकल्पना समाविष्ट केली.

आपणांस ही दृष्टी अगदीच अपरिचित नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गोंड आदिवासींना विचारूनच झोपड्यांच्या धर्तीचे रुग्णालय उभारले आणि त्याला त्यांच्या देवीचे, दंतेश्वरीचे नाव दिले.

आपल्या रुग्णालयांत आरंभ म्हणून पुढील गोष्टी सहज करता येतील.

१. भिली, भिलाली बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांची यादी प्रत्येक वॉर्डात असावी. दुभाषी म्हणून केलेले त्यांचे काम उपकार न समजता कामाचा भाग मानून त्याचा मोबदला द्यावा.

२. 'समजले का?' असे न विचारता, 'घरी गेल्यावर औषध कसे द्याल, ते मला सांगा' असे म्हणावे.

३. नातेवाइकांना थांबण्यासाठी व स्वयंपाकासाठी जागा असावी. एकट्या पडलेल्या रुग्णाचे मन घराकडे ओढ घेते.

४. गावी मृत्यू, लग्न वा पेरणी असल्यास काही दिवसांची रजा व परत येण्याची तारीख द्यावी. परतल्यावर त्याला रागावू नये.

५. रुग्ण निघून गेल्यास केसपेपरवर कारण लिहिण्यासाठी एक ओळ ठेवावी आणि दर महिन्यास ती कारणे एकत्र वाचावीत.

यांतील पाचवी सूचना सर्वांत स्वस्त आणि कदाचित सर्वांत अवघड आहे. कारण त्या ओळीत पुष्कळदा आपलेच वर्तन लिहावे लागेल. माझ्या निवासी काळातील त्या रिकाम्या खाटांची कारणे मला आता कधीच कळणार नाहीत. आपल्या तरुण सहकाऱ्यांना मात्र ती विचारता येतील.