मोटारीच्या दिव्याचा बल्ब बदलताना
(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या भागातील रस्त्यांवर रात्री प्रवास करणाऱ्यांच्या डोळ्यांत गेल्या काही वर्षांत एक बदल भरला आहे. भरला म्हणण्यापेक्षा तो डोळ्यांना खुपतो आहे, असेच म्हणावे लागेल. पूर्वी समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड पिवळसर असे. आता तो दुधासारखा पांढरा, काही वेळा निळसर असतो. तो जवळ आला की रस्त्याची कड, कडेने चालणारा माणूस, पुढचा खड्डा यांपैकी काहीच दिसेनासे होते. यांतील काही गाड्या कारखान्यातूनच तसे दिवे घेऊन आलेल्या असतात. परंतु पुष्कळ गाड्यांत मूळचा हॅलोजन बल्ब काढून त्या जागी बाजारातला एलईडी किंवा एचआयडी बल्ब बसवलेला असतो. हा बदल कितपत योग्य आहे, आणि उजेड खरोखरच कमी पडत असेल तर गाडीवाल्याने काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. आमच्या घरी मालवाहू पिकअप गाडी आहे आणि वडील, म्हणजे आमचे आण्णा, रात्री भाजीपाला घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात जातात. मी स्वतः सुट्टीत एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानात काम करतो. गेल्या दिवाळीत आण्णा म्हणाले, "समोरचे समदे पांढरे दिवे लावून येत्यात. आपल्या पिवळ्या उजेडात मला कड दिसंना. तू शिकतोस, तूच सांग काय बसवायचं." घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. शिवाय आण्णांनी पन्नाशी ओलांडली आहे आणि त्यांच्या गाडीच्या उजेडावर आमचे घर चालते.

दिव्याची रचना

हेडलाइट म्हणजे केवळ बल्ब नव्हे. बल्ब, त्यामागची चकचकीत वाटी म्हणजे रिफ्लेक्टर, आणि पुढची काच अशा तीन गोष्टी एकमेकींच्या हिशेबाने बनवलेल्या असतात. आपल्याकडील असंख्य गाड्यांत एच-४ जातीचा हॅलोजन बल्ब असतो. हा बल्ब १९७१ साली प्रचारात आला. त्यात दोन तारा असतात : अप्परची ६० वॅटची आणि डिपरची ५५ वॅटची. अप्परची तार रिफ्लेक्टरच्या केंद्राशी असते, त्यामुळे तिचा झोत सरळ लांब जातो. डिपरची तार केंद्राच्या थोडी पुढे असते आणि तिच्या खाली पत्र्याची एक छोटी वाटी असते. या वाटीमुळे डिपरचा प्रकाश रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तेथून खाली, रस्त्यावर वळतो.

भिंतीसमोर गाडी उभी करून डिपर लावला तर उजेडाला वरच्या बाजूने सरळ रेघ मारल्यासारखी कड दिसते. ही कड उजवीकडे आडवी असते, कारण तिकडून समोरची गाडी येते. डावीकडे ती थोडी वर चढते, कारण तिकडे रस्त्याची कड, पाटी आणि पादचारी असतात. आपण डावीकडून गाडी चालवतो म्हणून ही योजना अशी आहे. ज्या देशांत उजवीकडून वाहतूक चालते तेथे ती नेमकी उलट असते. ही एक रेघ जागेवर असणे हेच डिपरचे सारे मर्म आहे.

तीन प्रकारचे प्रकाश

हॅलोजन बल्बमध्ये टंगस्टनची तार तापून प्रकाश देते. एच-४ बल्ब १३.२ व्होल्टवर डिपरला सुमारे १००० ल्युमेन आणि अप्परला सुमारे १६५० ल्युमेन प्रकाश देतो. ल्युमेन हे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप होय.

एचआयडी, म्हणजे आपल्याकडे ज्याला झेनॉन म्हणतात, त्यात तारच नसते. झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार भरलेल्या लहानशा नळीत दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी अखंड जळत राहते. ती पेटवण्यासाठी सुमारे २०,००० व्होल्टचा झटका द्यावा लागतो; त्यासाठी बॅलास्ट नावाची वेगळी डबी असते. ३५ वॅटमध्ये हा दिवा सुमारे ३२०० ल्युमेन देतो, मात्र पूर्ण तेजाला येण्यास त्याला काही सेकंद लागतात. मोटारीत तो प्रथम १९९१ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने दिला.

एलईडीत अर्धवाहकाच्या बारीक चकतीतून निळा प्रकाश निघतो आणि तिच्यावरील पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. या निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ सालचे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. थोडक्या विजेत पुष्कळ प्रकाश देणारा हा दिवा निःसंशय उत्तम आहे. आमचा आक्षेप एलईडीवर नाही. परक्या घरात बसवलेल्या एलईडीवर आहे.

परक्या घरातला बल्ब

रिफ्लेक्टरची वक्रता एका विशिष्ट जागी असलेल्या, विशिष्ट लांबीच्या तारेसाठी काढलेली असते. तार गोल असल्याने ती चहूकडे सारखा प्रकाश टाकते. बाजारातल्या एलईडी बल्बमध्ये पट्टीच्या दोन बाजूंना सपाट चकत्या चिकटवलेल्या असतात. त्या दोन बाजूंना भरपूर आणि उरलेल्या दिशांना थोडा प्रकाश टाकतात. एचआयडीची ठिणगी तर तारेहून वेगळ्या आकाराची, किंचित वर वाकलेली असते. प्रकाशाचा उगम एखाद्या मिलिमीटरने जरी सरकला, तरी रिफ्लेक्टरवरून निघणारा झोत भलतीकडे जातो. मग भिंतीवरची ती सरळ रेघ विस्कटते आणि रस्त्यासाठी असलेला प्रकाश वर, समोरच्याच्या तोंडावर उडतो.

याचा हिशेब साधा आहे. गाडीचा दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच आहे असे धरू. नियमाप्रमाणे झोत दर १० मीटरला १० सेंटिमीटर खाली उतरत गेला, तर त्याची वरची कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. तीच कड १० मीटरला १० सेंटिमीटर वर चढू लागली, तर ५० मीटर अंतरावर ती ११५ सेंटिमीटर उंचीवर असेल. मोटारीत बसलेल्या चालकाचे डोळे साधारणतः याच उंचीला असतात. म्हणजे एका अंशाच्या थोड्या अधिक फरकाने रस्त्याचा दिवा डोळ्यांचा दिवा होतो.

काही मोटारींत रिफ्लेक्टरऐवजी भिंगाचा प्रोजेक्टर असतो. त्यात पत्र्याची आडवी पट्टी प्रकाश कापते, त्यामुळे रेघ टिकते. परंतु झोताची आतली वाटणी तेथेही बिघडते आणि लांबचा उजेड कमी पडू शकतो.

दिसणे आणि दिसल्यासारखे वाटणे

ज्यांनी असे बल्ब बसवले ते बहुतेक समाधानी असतात. दुकानात मी हे रोज ऐकतो. याचे कारण डोळ्याच्या स्वभावात आहे. विस्कटलेला बराचसा प्रकाश गाडीच्या अगदी पुढे, दहा-पंधरा मीटरवर पडतो. तेथे लख्ख दिसते म्हणून चालक खूष होतो. परंतु जवळच्या लख्ख उजेडाने डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि साठ-सत्तर मीटरवरची अंधारातली वस्तू पूर्वीपेक्षा कमी दिसते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. तेव्हा जवळचे दिसून उपयोग नाही. जे टाळायचे असते ते लांबच दिसावे लागते.

समोरच्या माणसाची स्थिती याहून वाईट असते. डोळे दिपल्यावर दृष्टी पूर्ववत होण्यास काही सेकंद जातात. तीन सेकंद धरले तरी तेवढ्यात ताशी ६० च्या गाडीने ५० मीटर अंतर आंधळेपणाने तोडलेले असते. वय वाढते तसा डोळ्याच्या भिंगात प्रकाश अधिक पसरतो, म्हणून पन्नाशीच्या चालकाला हा त्रास तरुणापेक्षा जास्त होतो. निळसर प्रकाश तर अधिकच बोचतो. गळिताच्या हंगामात आमच्या रस्त्यावर रात्रभर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर चालतात. कित्येकांना मागे लाल दिवा सोडाच, चमकणारी पट्टीही नसते. समोरून पांढरा झोत आणि पुढे न दिसणारी बैलगाडी, अशा वेळी काय होते हे सांगावयास नको.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ रचनेत मालकाला मनमानी बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ तर थेट दिपण्यासंबंधीच आहे. दिव्यापासून ८ मीटरवर, उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवणार नाही, इतका झोत खाली असला पाहिजे, असे त्यात सांगितले आहे.

जर्मनीत २०२० पासून हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या काही एलईडी बल्बांना मान्यता मिळाली आहे. पण ती कशी, हे लक्षात घेण्याजोगे आहे. विशिष्ट बल्ब विशिष्ट मॉडेलच्या दिव्यात तपासून, त्या जोडीपुरतीच ती दिली जाते. बल्ब आणि दिवा ही जोडी आहे, हेच तत्त्व तेथेही मानले आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने

आम्हाला अर्थशास्त्राच्या तासाला 'बाह्य परिणाम' ही कल्पना शिकवली गेली. कारखान्याचा फायदा मालकाला आणि धूर मात्र शेजाऱ्याला, हे तिचे नेहमीचे उदाहरण. पांढऱ्या बल्बचे तसेच आहे. पैसे मी मोजतो, लख्ख मला वाटते. किंमत मात्र समोरचा मोजतो, आणि ती त्याला न विचारता. पुढे तोही चिडून तसेच बल्ब बसवतो. जत्रेतल्या कुस्तीच्या फडात पुढचा एक उभा राहिला की मागचे सगळे उभे राहतात. मग पाय सगळ्यांचे दुखतात आणि कुस्ती कोणालाच पूर्वीपेक्षा चांगली दिसत नाही. आपल्या रस्त्यांवर सध्या हेच चालले आहे.

मग करावे काय ?

आण्णांची तक्रार मात्र खरी होती. उजेड कमीच पडत होता. म्हणून प्रथम तो जातो कोठे, हे आम्ही शोधले. इंजिन चालू ठेवून मीटर लावला, तर बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि बल्बच्या होल्डरवर अवघे ११.४ व्होल्ट भरले. उरलेले अडीच व्होल्ट जुनी वायर, झिजलेले स्विच आणि गंजलेले अर्थिंग यांनी खाल्ले होते. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजबरोबर फार झपाट्याने घटतो, साधारणतः त्याच्या ३.४ व्या घाताने. त्या हिशेबाने आमचा जवळजवळ निम्मा उजेड वाटेतच जात होता. असा निम्मा दिवा पाहून माणूस बल्बला दोष देतो.

त्यावर आम्ही पुढील कामे केली.

१. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर घेतली आणि रिले बसवला, जेणेकरून दिव्याचा पूर्ण प्रवाह स्विचमधून जाऊ नये. अर्थिंग घासून नवे केले. होल्डरवर १३.५ व्होल्ट मिळू लागले.

२. पिवळी पडलेली प्लॅस्टिकची काच पाण्याच्या बारीक पॉलिश पेपरने घासून पॉलिश केली आणि तिच्यावर संरक्षक थर दिला.

३. जुना, काळवंडलेला बल्ब काढून चांगल्या कंपनीचा ६०/५५ वॅटचाच नवा बल्ब घातला. त्याच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल लागलेली जागा तापून बल्ब लवकर जातो. १००/९० वॅटचे बल्ब मिळतात, पण त्यांनी होल्डर आणि वायर वितळतात, म्हणून ते टाळले.

४. सपाट जागी, चाकांत योग्य हवा असताना, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी केली. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर तिच्या १० सेंटिमीटर खाली खडूने रेघ मारली आणि मागचे स्क्रू फिरवून डिपरची कड त्या रेघेवर आणली. हे नेहमीइतका माल भरून केले, कारण मागे वजन पडले की गाडीचे नाक वर होते आणि झोतही वर जातो. ज्या मोटारींत यासाठी आतून फिरवायचे बटण असते, त्यांनी ते वजनाप्रमाणे वापरावे.

या सर्वाला बल्ब धरून बाराशे रुपयांच्या आत खर्च आला. पांढऱ्या बल्बच्या जोडीला दुकानदाराने अडीच हजार सांगितले होते. दोन खेपा झाल्यावर आण्णांनी कड दिसत असल्याचे सांगितले. समोरच्या पांढऱ्या दिव्यांचा त्रास अर्थातच कायम आहे. तो आमच्या गाडीत काही करून जाणारा नाही, तो समोरच्याच्या हातात आहे.

आपल्या महाविद्यालयाच्या स्टँडवरील अनेक मोटारसायकलींनाही असे बल्ब बसवलेले मी पाहतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. म्हणजे त्यांचा झोत चुकला असेल, तर तो येताजाता प्रत्येकाच्या डोळ्यांत जातो. मैदानालगतची भिंत लांब आहे आणि खडूंची महाविद्यालयात वाण नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या आमच्या तुकडीने एक संध्याकाळ ठरवून सर्वांच्या गाड्यांचे दिवे त्या भिंतीसमोर तपासून द्यावेत, आणि गळीत सुरू होण्यापूर्वी रस्त्यावरच्या बैलगाड्यांना लाल चमकपट्ट्या लावाव्यात, अशी माझी सूचना आहे. स्क्रू फिरवण्याचे काम मी करीन.