ओटीपोटातला संसर्ग बरा झाला. आता मूल होईल ना?

प्रश्न : माझे वय २९. चार वर्षांपूर्वी ओटीपोटात संसर्ग झाला होता, औषधांनी बरा झाला. आठ महिने प्रयत्न करूनही दिवस राहिलेले नाहीत. सोनोग्राफी नॉर्मल आहे. नळ्या बंद झाल्या असतील का? आता टेस्ट ट्यूब बेबी हाच मार्ग आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, असा निष्कर्ष काढू नका. एकदाच संसर्ग होऊन वेळेवर उपचार झालेल्या बहुतेक स्त्रियांना नैसर्गिकरीत्या दिवस राहतात. मात्र साध्या सोनोग्राफीत नळ्या मोकळ्या आहेत की नाहीत, हे कळत नाही. एरवी आम्ही वर्षभर थांबायला सांगतो. पण तुम्हाला आधी संसर्ग होऊन गेला असल्याने तुम्ही आताच तपासणी करून घ्या.

सोबतच पतीची वीर्यतपासणी करा. नळ्यांसाठी एचएसजी हा एक्स-रे पाळी थांबल्यावर, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान काढतात. थोडे दुखते, पण सहसा भूल लागत नाही. ताप, ओटीपोटात दुखणे किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. जननेंद्रियांच्या क्षयरोगानेही नळ्या खराब होतात, त्याबद्दलही विचारा. शंका राहिली तर दुर्बिणीतून तपासतात. दोन्ही नळ्या बंद निघाल्या, तरी आयव्हीएफचा, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा पर्याय आहेच.

एक खबरदारी घ्या. अशा संसर्गानंतर गर्भ नळीत राहण्याचा धोका वाढतो. पाळी चुकल्यास लगेच डॉक्टरांना भेटा. पोटात तीव्र वेदना किंवा चक्कर आल्यास थेट रुग्णालय गाठा.