कर्नलमध्येही करिअर आहे

बारामती-इंदापूरच्या पालकांना आज मुलासाठी एआयची शाखा हवी असेल, तर त्यात नवल नाही. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसाच्या शेतात एआय आणून दाखवलं आहे. पण जमिनीतल्या सेन्सरचा आकडा असो वा ग्राफिक्स कार्डावरची आकडेमोड, ते सारं ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नलमधून जातं, आणि तिथे प्रत्येक उपकरणाला हाताळणारा ड्रायव्हर लागतो. माझं म्हणणं असं की ज्या मुलाला 'हे आतून चालतं कसं' हा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही, त्याने याच थराचं काम शिकावं. मोठ्या कॉलेजचं नाव पाठीशी नसलेल्या मुलाला इथे आपली लायकी उघडपणे सिद्ध करता येते.

लिनक्समध्ये हे काम कसं चालतं ते पाहा. पीसीआय किंवा यूएसबी उपकरण आपली ओळख मुख्यतः दोन क्रमांकांनी सांगतं: एक कंपनीचा, दुसरा उपकरणाचा. कर्नल ते ड्रायव्हरच्या यादीशी ताडून जोडी जुळवतो. ही जोडी मोडताही येते. 2005 पासून 'अनबाइंड' आणि 'बाइंड' या फाइलींत उपकरणाचा पत्ता लिहिला, की मशीन चालू असतानाच ते एका ड्रायव्हरकडून सुटून दुसऱ्याकडे जातं. 2014 साली पीसीआय उपकरणांसाठी 'ड्रायव्हर ओव्हरराइड'ची सोय आली आणि क्रमांक यादीत नसतानाही ड्रायव्हर नेमून देता येऊ लागला. हा हौशी उद्योग नव्हे. सर्व्हरमधलं ग्राफिक्स कार्ड थेट एका आभासी मशीनच्या ताब्यात द्यायचं, तर लिनक्सवर ते नेहमीच्या ड्रायव्हरकडून सोडवून व्हीएफआयओ या खास ड्रायव्हरला बांधतात. कोणतं उपकरण कोणत्या मेमरीला हात लावू शकतं यावर आयओएमएमयू हा हार्डवेअरचा भाग लक्ष ठेवतो. त्या वेळी त्याच्या एकाच गटातली इतर उपकरणंही आपापल्या ड्रायव्हरकडून सोडवावी लागतात, कारण त्यांना एकमेकांपासून वेगळं ठेवण्याची हमी हार्डवेअर देत नाही. हे कारण ज्या विद्यार्थ्याला नीट मांडता येतं, त्याला मेमरी आणि सुरक्षितता दोन्ही कळल्या आहेत.

'नोकऱ्या किती?' हा पालकांचा प्रश्न रास्तच आहे. नवख्यांसाठी वेब आणि ॲपच्या तुलनेत इथे जागा कमी असतात, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून सी भाषा पक्की करावी, एम्बेडेडची, म्हणजे यंत्रांत बसवलेल्या छोट्या संगणकांच्या कामाची, वाट उघडी ठेवावी. पदवीनंतर सी-कॅट परीक्षा देऊन सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टिम डिझाइनचा पदविका अभ्यासक्रम करता येतो, आणि तो पुण्यातही आहे. 'कोड आता एआयच लिहील' या शंकेत तथ्य आहे, पण अर्धंच. उपकरण त्याच्या माहितीपत्रकाप्रमाणे वागत नाही तेव्हा ते समोर ठेवून तपासावं लागतं, आणि ड्रायव्हरमधली एक चूक अख्खं मशीन बंद पाडू शकते. राहिला गावाकडच्या कॉलेजचा प्रश्न. कर्नलचा कोड सर्वांना खुला आहे. पाठवलेल्या दुरुस्तीची छाननी जाहीरपणे होते, आणि ती स्वीकारली गेली तर लिहिणाऱ्याचं नाव कोडच्या इतिहासात कायम राहतं. मुलाखतीत दाखवायला याहून भक्कम पुरावा नाही.

सुरुवातीला जुना संगणक, लिनक्स आणि यूएसबी-सिरियल केबल पुरे. केबल तिच्या ड्रायव्हरकडून सोडवा, पोर्ट नाहीसा होतो का पाहा, पुन्हा बांधा. मात्र डिस्कच्या कंट्रोलरवर हा प्रयोग करू नका, चालू सिस्टिमच कोलमडेल. पालकांनी बारामतीत किंवा इंदापुरात कॉलेज पाहायला जाताना प्लेसमेंटच्या आकड्यांसोबत आणखी एक गोष्ट विचारावी: ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकात मुलं स्वतः लिहिलेलं मॉड्यूल कर्नलमध्ये चढवतात का?